गोधडीचे अस्तर आणि घरगुती श्रमाचे मोल

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



उत्पादनखर्चाची संकल्पना समजावताना पाठ्यपुस्तके बहुधा कारखान्याचे किंवा शेताचे उदाहरण घेतात. आज आपण गोधडीचे, आणि त्यातही तिच्या अस्तराचे उदाहरण घेणार आहोत. विषय लहान वाटेल. परंतु संधी-खर्च, माहितीची असममितता आणि राष्ट्रीय उत्पन्नगणनेच्या मर्यादा या तिन्ही बाबी त्यात एकत्र भेटतात.

बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानची रल्ली, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी आणि महाराष्ट्राची गोधडी यांचे मूळ तत्त्व एकच आहे. जुन्या, मऊ झालेल्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे. भौगोलिक निर्देशनविषयक 1999 चा कायदा 2003 मध्ये अमलात आला. त्यानुसार सुजनीला 2006 मध्ये आणि नक्षी कांथेला 2008 मध्ये नोंदणी मिळाली. घरातील गरजेची वस्तू अशा रीतीने बाजारपेठेतील वस्तू झाली आणि तिच्या खर्चाचा हिशेब मांडणे आवश्यक ठरले.

जुने कापड फुकट असते काय?

जुनी साडी घरातच असते, म्हणून अस्तराचा खर्च शून्य, असे सामान्यतः मानले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते योग्य नाही. तीच साडी बोहारणीला दिली, तर बदल्यात भांडे मिळते. दिल्लीतील रघुबीरनगरसारखे जुन्या कपड्यांचे बाजार याच देवघेवीवर उभे आहेत. हातचे गेलेले भांडे हा त्या साडीचा संधी-खर्च होय. शिवाय घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या वाढल्या आहेत. त्या निसरड्या असतात, घाम शोषत नाहीत आणि शिवताना थर सरकतात. अस्तराजोगे जुने सुती कापड त्यामुळे पूर्वीइतके सहज मिळत नाही.

येथे सुती फलालीनची तयार चादर उपयोगी पडते. फलालीनच्या पृष्ठभागावर बारीक लव उठवलेली असते. तिच्यात हवा अडकून राहते व ऊब टिकते, म्हणून मधला भराव कमी लागतो. लवेमुळे थर एकमेकांना धरून राहतात आणि घट्ट विणीच्या चादरीपेक्षा सुई सहज पार जाते.

पन्ह्याचा हिशेब

तयार गोधडी 52 × 80 इंचांची हवी आहे, असे समजा. आटणे आणि कडा दुमडणे लक्षात घेता अस्तर 60 × 90 इंचांचे हवे. बाजारातील कापडाचा पन्हा 36 इंच असेल, तर 90 इंचांचे दोन पट्टे, म्हणजे 5 वार कापड, घ्यावे लागते. जोडल्यावर रुंदी 72 इंच भरते. त्यातील 12 इंच, म्हणजे खरेदीचा सहावा हिस्सा, अतिरिक्त ठरतो. मध्ये शिवण येते ती वेगळीच. 60 × 90 इंचांची चादर मात्र एकसंध मिळते. म्हणून तुलना वाराच्या दराशी करू नये. चादरीची किंमत ही 5 वार कापडाची किंमत अधिक जोडणीची मजुरी यांपेक्षा कमी असेल, तर चादर स्वस्त. उरलेला पट्टा अन्यत्र उपयोगी पडणार असेल, तर त्याचे मूल्य या बेरजेतून वजा करावे.

आता आटण्याचा विचार करू. ते दोन्ही दिशांनी 5 टक्के धरले, तर चादर 57 × 85.5 इंच राहते. गोधडीभोवती अडीच इंचांहून कमी जागा उरत नाही. परंतु चादर आधी धुऊन, वाळवूनच वापरली पाहिजे. न धुता शिवल्यास पहिल्याच धुण्यात अस्तर आवळते, वरचा थर चुरगळतो आणि कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात. स्वस्त साहित्यातील बचत महागड्या श्रमाच्या जिवावर होत असेल, तर ती बचत नव्हे.

माहितीचा प्रश्न

फलालीन या नावाखाली पॉलिएस्टरचे लवदार कापडही विकले जाते. विक्रेत्याला वस्तूची माहिती असते, ग्राहकाला नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये हाच प्रश्न मांडला आणि 2001 मध्ये ते नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. सुती फलालीनलाही एक धोका आहे. तिची लव चटकन पेट घेते. ब्रिटनमध्ये ज्वालारोधक म्हणून खोट्या वर्णनाने विकल्या जाणाऱ्या फलालीनसदृश कापडासंबंधी 1913 मध्ये कायदाच करावा लागला. चूल किंवा शेकोटी जवळ असलेल्या घरांत ही दक्षता अनिवार्य आहे.

शिवणारी स्त्री कोठे मोजली जाते?

राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय चौकटीनुसार, स्वतःच्या वापरासाठी केलेले वस्तूंचे उत्पादन हे उत्पादनाच्या सीमेत येते. घरचा स्वयंपाक येत नाही. या तत्त्वाने गोधडी हे उत्पादन आहे. परंतु आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणांत घरकामासोबत कुटुंबासाठी शिवणकाम, विणकाम करणाऱ्या व्यक्तीला 93 हा संकेतांक मिळतो आणि ती श्रमशक्तीबाहेर राहते. तीच गोधडी विक्रीसाठी शिवली, तर ती स्त्री कामगार ठरते. सुई तीच, टाका तोच. बदलतो तो केवळ रकाना. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी 299 मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे देत असल्याचे दिसले. विक्रीच्या गोधडीसाठी लागणारा वेळ याच दिवसातून काढावा लागतो.

म्हणून अस्तराच्या खर्चाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गोधडीत रोख खर्च साहित्यावर होतो, तर मोठा वाटा श्रमाचा असतो. रोख पैसा नाही म्हणून व्यापाऱ्याकडून कापड घेणारी स्त्री त्याच्याच दराने मजुरी स्वीकारते. अस्तर तिने स्वतः विकत घेतले, तर गोधडी तिच्या मालकीची राहते आणि किमतीबाबत बोलण्याचे बळ तिच्याकडे येते. 1992 पासून सुरू असलेली बचत गट–बँक जोडणी अशा अल्प खेळत्या भांडवलासाठी वापरता येते. गटाने हंगामाबाहेर एकत्रित चादरी घेतल्या, एक चादर धुऊन पारखली आणि विक्रीदर ठरवताना शिवणीचे तास लिहून ठेवले, तर हिशेब पूर्ण होतो.

असंघटित क्षेत्रावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना व्याख्या अवश्य द्या. पण त्याचबरोबर साहित्य कोणाचे, श्रम कोणाचे आणि दर कोण ठरवतो, हे तीन प्रश्नही विचारा. विकासाचे मोजमाप त्यांच्या उत्तरांत आहे.