एकनिष्ठ बायकोला उपदेश कशाला?

स्त्रियांना एचआयव्हीपासून वाचवायचे, तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो कसा, हे आधी पाहायला हवे. समजुतीने नव्हे, पुराव्याने.

मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याशी एकनिष्ठ. तरीही त्यांच्यातल्या १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. हा आकडा घरोघरच्या सर्व स्त्रियांचा नव्हे, उपचारासाठी आलेल्यांचा आहे. पण लागणीचा संबंध दिसला तो जोडीदाराच्या गुप्तरोगाशी. 'एकनिष्ठ राहा' हे जी पाळतच होती, तिला त्या उपदेशाने काय वाचवले?

मग उपाय कोणता? नवऱ्याची तपासणी आणि त्याच्यावर उपचार. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. बाधित जोडीदाराला औषधे उशिरा न देता लगेच दिली, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यातून २०११मध्ये दिसले.

आजही गरोदरपणात तपासणी होते ती बाईची. दोष निघाला, की घरची बोटे तिच्याकडेच वळतात. म्हणून तिच्याबरोबर नवऱ्यालाही तपासणीला बोलावणे हा उपकार नव्हे. पुराव्याने दाखवलेली ती वाट आहे. आपल्या घरापासून ती सुरू करू या.