नव्या गाण्यांचे वेड



वसंतातल्या व्याख्यानांचा एक शिरस्ता ठरून गेलेला आहे. एक दिवस अध्यात्माचा, एक इतिहासाचा, एक शेतीचा. आणि श्रोते थोडे थकले असतील म्हणून मग एक दिवस संगीताचा. त्या दिवशी वक्ते बहुधा बालगंधर्वांवर बोलतात, नाहीतर अब्दुल करीम खाँसाहेबांवर. मी आज जो विषय घेऊन उभा आहे, त्याला व्याख्यानपीठावर चढण्याची अजून सवय नाही. माझा विषय आहे नवे गाणे. काल-परवा निघालेले, ज्याच्यावर अजून कोणी प्रबंध लिहिलेला नाही असे. त्याविषयी मी बोलणार तेही जाणकार म्हणून नव्हे. मला सूर धरता येत नाही आणि वाद्य म्हणाल तर जेवणाच्या टेबलापलीकडे काही वाजवलेले नाही. मी ऐकणारा आहे. नवा अल्बम निघाला की तो मिळवायचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ओळीने ऐकायचा आणि भेटेल त्याला त्याविषयी सांगत सुटायचे, एवढाच माझा अधिकार. घरच्या मंडळींच्या मते तो अधिकारही मी जरा जास्तच गाजवतो.

अल्बम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाचे फोटो येतात, आणि ते बरोबरच आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त काही मावत नसे. मग एखादी मोठी रचना विकायची तर चार-सहा तबकड्या लागत. त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बाडात घालून विकत, म्हणून त्या बाडाला अल्बम म्हणू लागले. पुढे १९४८ साली अमेरिकेत सावकाश फिरणारी मोठी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजू लागली, बाड गेले. नाव मात्र राहिले. ती जुनी तबकडी कशाची होती हेही सांगण्यासारखे आहे. ती लाखेची होती. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर किडा जी लाख धरतो, तीच लाख. आत्ता आपल्या डोंगरात फुलून गेलेला पळस आणि कलकत्त्याला १९०२ साली गौहरजान हिने गायिलेली आणि शेवटी स्वतःचे नाव पुकारून संपवलेली ती पहिल्या काळातली ध्वनिमुद्रणे, ह्यांचे असे नाते आहे.

ह्या तीन मिनिटांच्या अडचणीतूनच आपले भावगीत रुजले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे ह्यांची कविता गोविंद जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, ह्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायिली आणि ती घरोघर गेली. आज भावगीत म्हटले की आपण डोळे मिटून ‘जुने ते सोने’ म्हणतो. पण ज्या दिवशी ती तबकडी दुकानात आली, त्या दिवशी ते नवे गाणेच होते. नाटकातले नाही, देवळातले नाही, बैठकीतले नाही. एका कवीचे आणि एका तरुण गायकाचे सुटे गाणे. ते त्या दिवशी ज्यांनी पैसे मोडून घरी आणले, त्यांचा मी वारस आहे असे मी समजतो. सोने जुने व्हायचे तर आधी कोणीतरी ते नवे असताना विकत घ्यावे लागते.

आता वाट पाहण्याविषयी. आमच्या पंथात वाट पाहणे हे अर्धे सुख आहे. १९५५ सालच्या १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ ऐकवायला सुरुवात केली. गदिमांचे शब्द, बाबूजींचे स्वर. आठवड्याला एक नवे गाणे, असे वर्षभर, १९५६च्या १९ एप्रिलपर्यंत छप्पन्न गाणी. आपण आज ती छप्पन्नच्या छप्पन्न एका बैठकीला ऐकू शकतो. पण पुढचे गाणे अजून लिहिले जात आहे, ते कोणाच्या तोंडी येणार, चाल कशी असणार हे ठाऊक नाही, आणि आठवडा सरत नाही, हे सुख आपल्याला मिळायचे नाही. नाही कसे? मला मिळाले. २०१० साली दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ ह्या मंडळींनी आपला नवा अल्बम असाच बाहेर काढला. दर महिन्याला एक गाणे, आंतरजालावर, फुकट. दुकान नाही, कंपनी नाही. पुणे आकाशवाणीची युक्ती पंचावन्न वर्षांनी दिल्लीच्या वादकांना सुचली, आणि ती ओळखून मी एकटाच हसत बसलो होतो.

ह्या इंडियन ओशनपाशी मला थोडे थांबले पाहिजे, कारण ती गोष्ट थेट आपल्या उंबऱ्याशी येते. त्यांचा ‘कंदिसा’ नावाचा अल्बम २००० साली निघाला. चौघे होते: सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबल्यावर आणि गाण्यात, अमित किलम ड्रमवर, आणि राहुल राम जाड तारांच्या बास गिटारवर. हे राहुल राम अमेरिकेतून विषशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आले आणि नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनात येऊन राहिले. पुढे ते गाण्याकडे गेले तेव्हा खोऱ्यातली नर्मदेची एक लोकस्तुती बरोबर घेऊन गेले. ‘माँ रेवा’ ह्या नावाने ती ‘कंदिसा’त आहे. सात गाण्यांच्या त्या अल्बमात केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची प्राचीन प्रार्थना आहे आणि नर्मदामाईही आहे. दोन्ही एका ताटात, आणि एकमेकांना बाधत नाहीत.

ते गाणे मी प्रथम ऐकले तेव्हा मला आनंद झाला तो सांगता येत नाही. आपली नदी! पुणे-मुंबईची मुले जीन्स घालून तिच्यावर नाचत होती. पण पुष्कळ वेळा ऐकल्यावर त्या आनंदात एक खडा लागू लागला. ही चाल खोऱ्यात कोणीतरी गातच होते. कोणत्या गावाच्या ओसरीवर, कोणाच्या गळ्यातून ती प्रथम बाहेर पडली? अशा गाण्यांपुढे सगळीकडे एकच शब्द लिहिण्याची रीत आहे, ‘पारंपरिक’. हा शब्द खोटा नाही. पण तो फार सोयीचा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे आली, अक्राणी आणि अक्कलकुवा ह्या दोन तालुक्यांतली. घरांची मोजदाद झाली, झाडांची झाली, ती बरोबर झाली की नाही ह्यावर भांडणे झाली. गाण्यांचा पंचनामा कोणी केला नाही. कोणत्या गावात कोण गात होते ही नोंद असती, तर ‘पारंपरिक’ ह्या शब्दाच्या जागी कदाचित एखादे नाव छापता आले असते. ह्यात त्या कलावंतांना मी दोष देत नाही. त्यांनी निदान गाणे वाचवले, आणि ज्या नदीचे ते आहे तिचे नाव त्याला ठेवले.

मधल्या काळाविषयी भराभर सांगतो. १९७४ साली लताबाई आणि हृदयनाथ ह्यांनी ‘शिवकल्याण राजा’ केला. तो पूर्ण अर्थाने अल्बम, त्यातले एक गाणे उचलले की शेजारचे अडखळते. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गाणे स्वस्त झाले. ज्या गायकांना मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहू दिले नसते, त्यांची लोकगीते, भीमगीते, भक्तिगीते एस.टी. स्टँडावरच्या टपरीत मिळू लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र ह्यांचा ‘गारवा’ आला. माझी ती कॅसेट मी शहाद्याहून आणली आणि पावसाळा संपेपर्यंत तिची फीत ढिली झाली. नंतर २००३ पासून सलील कुलकर्णी आणि संदीप खरे ह्यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ करून हे दाखवले की कविता आणि पेटी घेऊन बसलेल्या दोन माणसांपुढे तरुण मुले नाट्यगृह भरून बसतात. बहिणाबाईंच्या ओव्या यशवंत देवांच्या चालीत उत्तरा केळकरांनी गायिल्या, तो तर आपल्या खानदेशाचाच अल्बम. पण त्याविषयी तुम्हांला मी काय सांगावे!

आणि मग सगळे फोनमध्ये गेले. तबकडी नाही, फीत नाही, हातात धरायला काही नाही. आता हिशेब असा आहे की तुम्ही गाणे तीस सेकंद ऐकलेत की ते एकदा ऐकले म्हणून मोजले जाते. त्या मोजणीवर गाणाऱ्याची कमाई. पूर्वी लाखेची तबकडी सांगत होती की तीन मिनिटांत आटपा. आता ही मोजणी सांगते की तीस सेकंदांत पकडा. त्यामुळे आरंभीचे सुरेल वादन आखडले, ध्रुवपद पुढे सरकले. बुजुर्ग म्हणतात की हा ऱ्हास आहे. मला तसे सरसकट म्हणवत नाही. बंधनातून वाईटच निपजते असा नियम असता, तर भावगीतही वाईट निपजले असते. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड ह्यांचे ‘गुलाबी साडी’ २०२४ साली निघाले आणि मराठी न समजणाऱ्या मुलुखांत वाजले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस ह्या जोडीचे ‘तांबडी चामडी’ हॉलंडमधल्या नृत्यसंगीताच्या कंपनीने काढले. पहिले मला गोड वाटते. दुसऱ्यात शब्दांचा अर्थ शोधायला जाऊ नये, पाय काय म्हणतात ते पाहावे. पण हे दोन्ही सुटे दागिने आहेत. अल्बम म्हणजे मांडलेले घर; त्यात कोपरे असतात, अंधारी खोली असते, कोणी फारसे न जाणारी माळ्यावरची जागा असते. मला ती जागा आवडते. अल्बमातले सहावे-सातवे गाणे, जे कोणी लग्नात वाजवत नाही, तिथे कलावंत एकटा सापडतो.

आता धडगावकडे वळतो. श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांची तक्रार मी ऐकलेली आहे: ह्या डीजेने आणि टिमलीने पोरे बिघडवली. रात्रभर तेच ते वाजते, छातीत धडधडते, ढोल मेला. ह्यातला आवाजाचा भाग मला मान्य आहे. माझेही घर रस्त्यालगतच आहे. की-बोर्डचे तेच चार स्वर घासून गुळगुळीत झाले आहेत हेही खरे. गळा यंत्रातून असा काढतात की गाणारा शहाद्याचा की बडवानीचा हे कळू नये. शंभरांतली नव्वद गाणी टाकाऊ आहेत. पण ज्या काळाला आपण सोनेरी म्हणतो, त्या काळातल्याही शंभरांतल्या नव्वद तबकड्या टाकाऊच असणार. त्या फुटल्या, म्हणून आपल्याला ठाऊक नाहीत.

उरलेल्या दहांकडे पाहा. २०११च्या जनगणनेत भिली आणि तिच्यात गणलेल्या पावरीसारख्या बोली मिळून बोलणारे सुमारे १ कोटी ४ लाख लोक आहेत. एवढ्या मोठ्या समाजाच्या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही. शाळेत ती बोलली तर मूल दबून बसते. आणि तोच मुलगा रात्री फोनवर पावरीत गाणे रचतो, मित्राच्या की-बोर्डवर बसवतो, आणि आठ दिवसांत ते नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेशात आणि तिकडे गुजरातेत वाजते. तीन राज्यांच्या सीमा ओलांडणारे असे दुसरे काय निघते धडगावातून? आमचूर निघतो, तो व्यापाऱ्याच्या नावाने. गाणे निदान आपल्या भाषेच्या नावाने जाते.

मात्र करणाऱ्याच्या नावाने जात नाही. ही माझी खरी खंत आहे. मी काही गाण्यांच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. एकाने दुसऱ्याचे उचललेले, तिसऱ्याने त्यावर आपल्या साउंडचे नाव घुसडलेले, शब्द कोणाचे ते कोणालाच ठाऊक नाही. फोन बिघडला, कार्ड गेले, की गाणे गेले. जे जुन्या ओसरीवरच्या गाण्याचे झाले, तेच आपल्या डोळ्यांदेखत, सगळी यंत्रे हाताशी असताना, नव्या गाण्याचे होत आहे. उद्या कोणीतरी शहरातून येईल, त्यातले एक उचलील, सुंदर बसवील, आणि पुढे लिहील ‘पारंपरिक’. तो रचणारा पोरगा तेव्हा चाळिशीचा असेल आणि ऊसतोडीला गेलेला असेल.

म्हणून माझ्यासारख्या वेड्यांना काम आहे. आमच्या वेडात याद्या करणे असतेच: कोणता अल्बम कधी आला, मागे ड्रम कोण वाजवतो, शब्द कोणाचे. ही सवय घरी उपद्रवाची ठरते, पण येथे उपयोगी पडेल. यंदा भोंगऱ्याच्या बाजारात जी नवी गाणी वाजली, त्यांतल्या बारा गाण्यांची माहिती मी वहीत उतरवली आहे: रचणारा, गाणारा, गाव, साल. सातांची पूर्ण मिळाली, पाचांची अर्धी. ही वही मी येथे टेबलावर ठेवतो. ज्यांना कोणाला राहिलेली नावे ठाऊक असतील, त्यांनी जाताना लिहावीत. मुलांना विचारा, त्यांना ठाऊक असते, आपण विचारत नाही.

आणि मला हवा असलेला अल्बमही सांगून ठेवतो, कोणी ऐकत असेल तर. पावरीत, आठ गाण्यांचा. त्यात की-बोर्ड असू द्या, माझे वाकडे नाही. पण होळीचा मोठा ढोल यंत्रातला नको, माणसाने वाजवलेला हवा. एक गाणे बुध्याच्या कमरेच्या घुंगरांवर सुरू व्हावे. एक बाईच्या आवाजात असावे, कारण ह्या फोनवरच्या गाण्यांत बायका नाचताना फार दिसतात आणि गाताना फार थोड्या. एक बुडालेल्या गावाचे असावे. आणि सातवे असे असावे की ते कोणी लग्नात वाजवणार नाही. मागच्या बाजूला सगळ्यांची नावे, ढोल वाहून आणणाऱ्यासकट. असा अल्बम निघाला तर पहिली प्रत मी घेईन. फोनमधली असेल तर पैसे भरून घेईन.

अध्यक्षमहाराजांनी मला पाऊण तास दिला होता, त्यातली दहा मिनिटे मी मुद्दाम राखून ठेवली आहेत. ध्वनिक्षेपकवाल्या दादांशी बोलून ठेवले आहे. आधी ‘माँ रेवा’ लावू, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्या वहीतले तिसरे गाणे, आपल्याच तालुक्यातले. ते रचणारा मुलगा मागच्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव तो स्वतःच सांगेल.