फटफटी कुणाची?

(बीड जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

या सत्राला ‘बाई आणि वाहन’ असा विषय दिला आहे. सकाळपासून आपण सातबाऱ्याबद्दल बोललो, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरच्या घराबद्दल बोललो. मला त्या यादीत आणखी एक वस्तू घालायची आहे. ती म्हणजे दारात उभी असलेली मोटारसायकल. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून तिला फटफटीच म्हणतात. जमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला आपण शिकलो. पण आरसी बुकावर कुणाचं नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणी विचारतात? माझ्या घरच्या एका जुन्या जावा गाडीमुळे मला हा प्रश्न घरातच विचारावा लागला. म्हणून तिची हकीकत सांगते.

ही गाडी माझ्या सासऱ्यांची. १९७२ची, म्हणजे दुष्काळाच्या वर्षातली. ते जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. वाड्या-वस्त्यांवर जायचं तर गाडी लागायचीच. जावा ही मुळात चेकोस्लोव्हाकियातली कंपनी. १९६१पासून तिच्या गाड्या म्हैसूरच्या कारखान्यात तयार व्हायला लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या निघाल्या, आणि १९९६मध्ये तो बंद पडला. सासरे गेल्यावर आमची जावा गोठ्यात कडब्याखाली पडून होती. कोंबड्या सीटवर अंडी घालत होत्या.

२०२१च्या ऑक्टोबरच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. मी कौटुंबिक सल्ल्याचं काम करते. मारहाण झालेली, घराबाहेर काढलेली बाई आपल्या सोयीच्या वेळी बोलावत नाही. काळी-पिवळी जीप भरेपर्यंत थांबायचं, भरली की दाटीवाटीने बसायचं, आणि अंधार पडायच्या आत परतायचं, असं ते काम चाललं होतं. रात्रीचा निरोप आला तर नवऱ्याला उठवायचं, म्हणजे त्याची झोप मोडायची आणि शिवाय उपकार. तेव्हा तो एक दिवस म्हणाला, “दादांची गाडी तुझ्यासाठी चालू करून देतो.” नव्या स्कूटरला लाखाच्या घरात पैसे लागले असते. ते आमच्याकडे नव्हते. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. गाडी उघडताना मीही पान्याला बसणार.

मिस्त्रींना ते पटलं नाही. “ताई, तुमी इंजनात कशाला हात काळे करता? तुमी फकस्त चालवा.” हे ‘फक्त चालवा’ आपण नीट ऐकलं पाहिजे. चालवायची बाईने आणि बंद पडली की पुरुषाला हाक मारायची. मग गाडी तिची कशी? रात्री नऊ वाजता केजच्या अलीकडे गाडी बंद पडली, तर ‘फक्त चालवणारी’ बाई रस्त्यावर कुणाची तरी वाट बघत उभी राहणार. म्हणजे जी भीती घालवायला गाडी घेतली, तीच पुन्हा दारात.

इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या होत्या. बोअर करून नवीन पिस्टन बसवावा लागला. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं होतं. काही सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आणले, काही भंगारातून मिळाले. आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मला जे कळलं ते असं की, या यंत्रात बाईला न कळण्यासारखं काहीही नाही. ही गाडी टू-स्ट्रोक आहे. तिच्या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच द्यावं लागतं, आम्ही लिटरला साधारण ४० मिली घालतो. ते तेल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये बसते, आणि गाडीची ओढ कमी होते. चुलीचं धुराडं काजळीने भरलं की चूल कशी धुमसते, ते आपल्याला माहीतच आहे. कार्बोरेटरचा जेट म्हणजे स्टोव्हच्या बर्नरसारखंच बारीक भोक. कचरा अडकला की गाडी आचके देते. फक्त स्टोव्हला मारतो तशी पिन जेटला मारायची नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलने धुवायचा आणि हवा मारायची. ठिणगी येत नसेल तर आधी प्लग पुसून बघायचा, मग पॉइंट साफ करायचे. माझ्या डिकीत प्लगचा पाना, एक जादा प्लग, पॉलिश पेपर आणि फडकं असतं. रस्त्यात बंद पडणाऱ्या दहा वेळांतल्या सात-आठ वेळा एवढ्यात भागतं.

किकबद्दलही बायकांना फार भीती घातलेली असते. जावाची गंमत अशी की, किक आणि गिअर एकाच दांडीला आहेत. दांडी आत ढकलून उभी केली की किक, पुढे खाली आणली की गिअर. ताकद लागत नाही असं मी म्हणणार नाही, पण पायातली ताकद लागत नाही. हळूच दाबत जायचं, अडल्यासारखं लागलं की थांबायचं, आणि मग सगळ्या अंगाचा भार एकदम टाकायचा. उखळात कांडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. गाडी सव्वाशे किलोच्या आसपास आहे. पण आपल्या ऊसतोड बहिणी उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, की बाईला वजन पेलत नाही!

आता साडीगार्डकडे बघा. मागच्या चाकाला डाव्या बाजूला जाळी असते ना, ती. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे. मागे बसणाऱ्या माणसाला धरायला कडी, पाय ठेवायला जागा, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून निदान अर्ध्या चाकाला आडोसा, असं तो सांगतो. नियम चांगलाच आहे, त्याने जीव वाचतात. पण फटफटीवर बाईची आठवण ठेवून काय लावलेलं आहे, असं विचाराल तर ते हे साडीगार्ड, आणि ते मागच्या सीटसाठी. बाई बसणार ती मागेच, एका अंगाला पाय सोडून, पोर मांडीवर घेऊन, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. पुढच्या सीटवर बसायला कायद्याने आपल्याला कधीच अडवलेलं नाही, अडवलं ते रिवाजाने.

रिवाज मोडतो, याचा मोठा दाखला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याचा आहे. १९९१मध्ये तिथल्या साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. खडी फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या अशा लाखावर बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा बायकांनी जेन्टस सायकली घेतल्या. त्यातल्या काहींना त्याच आवडल्या, कारण मधल्या दांडीवर लेकराला बसवता येतं. ‘पुरुषांची’ म्हणून बनवलेली वस्तू बाईने आपल्या गरजेप्रमाणे अशी वापरात आणली. आपल्या महाराष्ट्रात २०११मध्ये पुण्यात ‘बाइकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू झाला. त्या लांबलांबच्या सफरी करतात. आपली सफर तालुक्याच्या कोर्टापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत असते, पण रस्ता तोच आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. गाडी चालू झाली, रंग लागला, टाकी चकाकली. नवऱ्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, “आरसी कुणाच्या नावावर?” त्याला राग आला. “मी आठ महिने तुझ्यासाठी राबलो आणि तू कागद मागतेस?” दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. त्याचे कष्ट खरे होते, मी ते नाकारत नव्हते. पण प्रेमाने दिलेली वस्तू रागात परत घेता येते, हे मी रोज कामात बघते. स्त्रीधन, घर, शेत, सगळं दिलेलं असतं प्रेमानेच. कागद भांडणाच्या दिवसासाठी लागतो, आणि तो करायचा मात्र प्रेम असतानाच. हे मी त्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “चल, बघू काय काय लागतं.”

आणि मग लक्षात आलं, की गाडी देणारा तोही तिचा मालक नव्हता! आरसीवर सासऱ्यांचं नाव होतं. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा १९५६चा आहे. त्याप्रमाणे पुरुषाने स्वतः कमावलेल्या वस्तूवर त्याच्यामागे बायको, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हक्क असतो. म्हणजे गाडीचे तीन हिस्से झाले: सासूबाईंचा, माझ्या नवऱ्याचा आणि नणंदेचा. लोक म्हणाले, नणंदेची एक सही घ्या, झालं. बहिणीच्या फुकटच्या सहीवर किती जमिनी गेल्या, हे आपण सकाळीच बोललो. जमिनीवर भाषण करायचं आणि गाडीला तसंच करायचं, हे होणार नव्हतं. मिस्त्रींकडून दुरुस्तीआधीच्या गाडीची किंमत ठरवून घेतली. ती ३०,००० निघाली. नणंदेला १०,००० आणि सासूबाईंना १०,००० मी माझ्या मानधनातून हप्त्याने दिले. नवऱ्याची भेट म्हणजे त्याचा एक तृतीयांश हिस्सा आणि त्याचे कष्ट. माणसाला स्वतःचं असतं तेवढंच देता येतं. नणंद म्हणाली, “वहिनी, माहेरहून हक्काचे म्हणून मिळालेले हे पहिले पैसे.”

मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा अर्ज असतो. तो तीन महिन्यांत करायला हवा. आमची मुदत कधीच उलटली होती, त्यामुळे दंड भरला. गाडी आधी सासूबाईंच्या नावावर केली. कागद हातात घेऊन त्या म्हणाल्या, “ते गेल्यावर का व्हईना, त्यांच्या गाडीवर माझं नाव लागलं.” मग २९ आणि ३० नंबरचे अर्ज भरून ती माझ्या नावावर झाली. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपलेली, म्हणून २५ नंबरचा अर्ज करून गाडी पासिंगला न्यावी लागली, पर्यावरण कर भरावा लागला. कार्यालयात खिडकीपलीकडचा माणूस प्रत्येक प्रश्न नवऱ्याकडे बघून विचारत होता. उत्तर प्रत्येक वेळी मी दिलं.

कुणी सुचवलं, पन्नास वर्षं झाली, आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करा. जुलै २०२१च्या नियमांनी तशी सोय केली आहे. पण त्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, बाकी झाकून ठेवायची. आम्ही नको म्हटलं. शोभेची वस्तू म्हणून जपलं जाणं म्हणजे काय, हे बायकांना ठाऊक आहे. ही गाडी रोज चिखलात जाणारी आहे.

कागद झाला तरी किल्लीचा प्रश्न राहतोच. लग्न निघालं की पुतण्या येतो, “काकू, गाडी द्या.” पहिल्यांदा तो काकांकडेच गेला होता. नवऱ्याने सांगितलं, “तिला विचार.” हे दोन शब्द मला त्या रंगापेक्षा आणि पॉलिशपेक्षा मोलाचे वाटतात. आम्ही दोघं जातो तेव्हा तो मागे बसतो. पारावरचे लोक हसले, अजूनही हसतात. मागे बसणं त्याला शिकावं लागलं, जसं मला पुढे बसणं.

मैत्रिणींनो, एका घरातल्या एका गाडीने काही बदलत नाही, हे मला कळतं. आपल्यातल्या बहुतेकींच्या गोठ्यात जावा पडलेली नाही, अनेकींना गोठाही नाही. मार्च २०२३पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. चांगलं झालं. पण ज्या वस्तीला गाडीच जात नाही, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? तेव्हा एसटीच्या फेऱ्यांची मागणी आपण सोडायची नाही. त्याच्याबरोबर चार गोष्टी आपापल्या गटात करूया.

एक. घरात जी गाडी आहे तिच्या आरसीवर कुणाचं नाव आहे, हे प्रत्येकीने बघायचं. बाईच्या पैशातून, बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या गाड्या तरी तिच्याच नावावर हव्यात. दोन. गटातल्या पाच-पाच जणींनी मिळून लर्निंग लायसन काढायचं. ते सहा महिने चालतं, आणि महिन्यानंतर पक्क्याची परीक्षा देता येते. एकटीला खिडकीशी भीती वाटते, पाच जणींना वाटत नाही. तीन. महिन्यातून एकदा एखाद्या मिस्त्रींना बोलावून प्लग, चेन, ब्रेक, पंक्चर एवढं हाताने शिकायचं. आणि आपल्या मुलींना आयटीआयच्या मेकॅनिकच्या कोर्सला घालायचं. चार. वारसाची कुठलीही वस्तू नावावर करताना बहिणीची, नणंदेची सही फुकट घ्यायची नाही, मग ती वस्तू शेत असो की फटफटी.

नाव, किल्ली आणि पाना, या तिन्ही गोष्टी बाईच्या हातात आल्या तर ती गाडी बाईची. जेवणाच्या सुट्टीत माझी गाडी बाहेर झाडाखाली उभी आहे. ज्यांना किक मारून बघायची असेल त्यांनी या. साडी असली तरी चालेल, पदर तेवढा खोचून घ्या. थांबते.