कोडचा समास कोणी आखायचा?

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी अ‍ॅपलने आयफोनसाठी एक तातडीची दुरुस्ती पाठवली. समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे त्याच्या डिजिटल सहीवरून पडताळणाऱ्या कोडमध्ये चूक सापडली होती. सी भाषेतला कोड. एका ‘इफ’खाली ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा पडली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे दोन्ही त्या अटीच्या पोटात आहेत असंच वाचणाऱ्याला वाटणार. पण महिरपी कंस नव्हते, आणि कंस नसले की सी भाषेत ‘इफ’चा अंमल लगतच्या एकाच विधानावर चालतो. दुसरी ओळ अटीबाहेर राहिली. तिथवर पोचलेला कोड दर वेळी तिथूनच बाहेर पडला आणि सहीची शेवटची तपासणी न होताच ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर मिळालं. नेटवर्कवर मधे बसलेल्या कुणालाही बँकेची साइट म्हणून वावरता आलं असतं!

डोळ्यांना दिसलं एक, कंपायलरने केलं दुसरंच. ओळ आत सरकवायला टॅब वापरायचा की स्पेस, हा वाद मी या घटनेच्या उजेडात पाहतो. त्याला आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. ओळ आत सरकवणारा प्रोग्रॅमर पुढच्या वाचणाऱ्याला ग्वाही देत असतो, की ही ओळ त्या अटीखालची आहे. ती ग्वाही खरी आहे ना, हे कुणीतरी तपासायला हवं. २०१६मध्ये आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरने फसव्या इंडेंटेशनचा, म्हणजे दिशाभूल होईल अशा आत सरकवलेल्या ओळींचा, इशारा द्यायला सुरुवात केली. गिडो व्हान रॉसम यांनी तर १९९१मध्येच पायथनमध्ये इंडेंटेशनलाच व्याकरणाचा दर्जा दिला होता. तिथे कंसच नाहीत. डोळ्यांना दिसतं तेच यंत्रही वाचतं.

मग आत सरकवायचं किती? लिनक्स कर्नलच्या नियमावलीत टॅब आठ रकान्यांचा आहे, पायथनची पेप ८ ही नियमावली चार स्पेस सांगते. दोन्ही वापरून उत्तम सॉफ्टवेअर झालं आहे. डोळस माणसाला कशाचीही सवय होते.

अंध प्रोग्रॅमरचं मात्र तसं नाही. त्यांच्यातले काही जण ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी कोड वाचतात. चाळीस खान्यांची पट्टी धरा. चार स्पेसच्या हिशेबाने चौथ्या पातळीवर सोळा खाने नुसते रिकामे जातात. टॅब असेल तर एका पातळीला एक खाना पुरू शकतो, आणि अंधूक दिसणाऱ्याला त्याची रुंदी आपल्या सोयीने बदलता येते. म्हणून नव्या प्रकल्पात, भाषेचा संकेत आड येत नसेल तर, माझं मत टॅबच्या बाजूने आहे. गो भाषेच्या कर्त्यांनी कोडची मांडणी आपोआप लावणारा आणि टॅब वापरणारा ‘गोफम्ट’ हा फॉरमॅटर भाषेबरोबरच दिला आणि हा वाद मिटवून टाकला. रिव्ह्यूमधला वेळ तर्कावर खर्च व्हावा, कंस कुठल्या ओळीवर यावर नाही.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या भाषेचा फॉरमॅटर आजच बसवा. दुसऱ्यांच्या प्रकल्पात शिरलात तर तिथली मांडणी पाळा. आणि जुना कोड नीट लावायचाच असेल, तर त्या कमिटमध्ये फक्त मांडणी बदला. चुकांची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये करा.