रिलीव्हर येईपर्यंत



प्रभूच्या दुसऱ्या येण्याविषयी आपल्या मराठी मंडळ्यांत मला दोनच सूर ऐकू येतात. एक तारखांचा: कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला, की कुणीतरी हिशेब मांडायला बसतो. दुसरा मौनाचा: आगमनकाळाचे चार रविवार येतात आणि नाताळच्या खरेदीत निघून जातात. या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी आपल्या लेखकांकडे तिसरा सूर मागतो आहे, आणि तो या कारखान्यांच्या पिंपरी-चिंचवडमध्येच मागायला हवा.

तारखांबद्दल फार बोलत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. तो उजाडला, मावळला आणि हजारो भाविकांची मने मोडली. ती घटका पित्यावाचून कुणालाच ठाऊक नाही, हे तर स्वतः प्रभूनेच सांगून ठेवले आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीत प्रभूच्या दिवसाची घाई झाली होती आणि काहीजण कामधंदा सोडून बसले होते. पौलाने त्यांना बजावले की, निमूटपणे काम करा आणि स्वतःच्या कष्टाची भाकर खा.

या पट्ट्यातल्या कामगाराला हे वेगळे समजवावे लागत नाही. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचे नसते. डोळे दाराकडे असतात, पण हात चालू असतात, आणि त्या शेवटच्या अर्ध्या तासातला जॉबही मापात बसावा लागतो.

अशी वाट पाहणारी एक बाई, पंडिता रमाबाई, आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. पुण्यापुढे दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली. मुली रडत, पापे कबूल करत, तासन् तास प्रार्थना करत. त्याच काळात रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. त्या दोन्ही भाषा त्यांनी शिकून घेतल्या. दुष्काळातून आणलेल्या, समाजाने टाकलेल्या मुली आणि बायका मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवत. १९२१ साली मनोरमा गेली, जिच्या हाती सारे सोपवायचे ती त्यांची एकुलती एक मुलगी. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्यामागे, १९२४ साली बाहेर आले. मला त्या जागृतीइतकेच ते खिळे जुळवणारे हात आध्यात्मिक वाटतात. किंबहुना ती जागृती खरी होती याचा पुरावा मी त्या हातांतच पाहतो.

मत्तयाचा पंचविसावा अध्याय आपण दहा कुमारींपाशी सोडून देतो. तो पुढे वाचा. येणारा राजा तिथे विचारतो ते भुकेल्याविषयी, परक्याविषयी, आजाऱ्याविषयी. आज चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडी, निघोजे इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली तरुण मुले एकेका खोलीत दाटीने राहतात. बहुतेक कंत्राटी. रविवारी पाळी लागली की त्यांच्यातल्या ख्रिस्ती मुलांची उपासना चुकते, आणि मंडळीत त्यांची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातही येत नाही. याचे मला मनापासून दुःख होते. परक्याच्या रूपाने प्रभू आपल्या शेजारी येऊन खोली भाड्याने घेऊन राहतो आहे आणि आपण आकाशाकडे बघत बसलो आहोत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या आगमनकाळापूर्वी आपल्यापैकी प्रत्येक लेखकाने अशा एका कामगाराकडे जावे, त्याला घरी जेवायला बोलवावे, त्याचे ऐकावे. तो प्रार्थना कधी करतो, पगार कापला गेला की कशाच्या आधाराने उभा राहतो, प्रभू उद्या आला तर त्याला काय सांगेल, हे लिहावे. रमाबाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी वापरली. आपणही तशीच वापरू. आणि ते लिखाण संपादकाकडे पाठवण्याआधी त्याच कामगाराला वाचून दाखवा. तो जिथे अडेल, तिथले वाक्य बदला.