गांजायुक्त खाऊ आणि घरातील मुले
कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि वर्षभराने गांजायुक्त गोळ्या, चॉकलेटे व पेये यांनाही परवानगी मिळाली. घरातील लहान मुलांच्या दृष्टीने हा दुसरा टप्पा अधिक धोक्याचा, कारण मुलाला त्यात फक्त खाऊ दिसतो. टीएचसी, म्हणजे गांजातील नशा आणणारे रसायन, पोटातून गेल्यास त्याचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि तोवर मूल आणखी तुकडे खाऊन मोकळे होते.

तेथील नियमानुसार अशा खाद्याच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी चालत नाही व वेष्टन बालप्रतिबंधक, म्हणजे लहान मुलाला सहजी न उघडणारे, असावे लागते. परंतु बशीत काढून ठेवलेल्या गोळ्यांना किंवा घरी भाजलेल्या केकला हे संरक्षण कोठून मिळणार? म्हणून असे पदार्थ मूळ पाकिटातच, कुलूपबंद पेटीत व खाऊच्या डब्यांपासून दूर ठेवावेत. नुसती उंच फळी पुरत नाही, कारण खुर्ची ओढून चढणे तीन वर्षांच्या मुलालाही जमते. होळीला भांगेची थंडाई फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवणाऱ्या भारतीय घरांनाही हे लागू आहेच.

मूल पेंगू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर उलटी करवू नये, विषबाधा केंद्राला लगेच फोन करावा. ते जागे होत नसेल वा श्वास मंदावला असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना काय खाल्ले ते संकोच न करता सांगावे, म्हणजे अनावश्यक तपासण्या टळतात.