पाचांचे पेय

'पंच' या विलायती मिश्रपेयाचे नाव ऐकताच मराठी माणसाला आपल्या 'पाच' या संख्येची आठवण व्हावी, हा केवळ ध्वनिसाम्याचा खेळ नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर 1673 साली हिंदुस्थानात आला. 1698 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने हे नाव पाच घटकांवरून पडल्याचे नमूद केले आहे. आणि या पेयासाठी किनाऱ्यावरचे इंग्रज जी दारू वापरीत तीत गोव्याकडील नेरूळची सर्वोत्तम, असा निर्वाळाही दिला आहे. पिंपाच्या एका इंग्रजी नावाशी या शब्दाचा संबंध जोडणारे अभ्यासकही आहेत. परंतु 1638 साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथील इंग्रजांच्या बैठकीत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर यांचे असेच पेय पाहिले होते. म्हणजे पुढे विलायतेत मिरवलेल्या या पाहुण्याचे आजोळ आपल्याच किनाऱ्यावर शोधावे लागते.

पाच घटक ते हे: आंबट, गोड, मद्य, पाणी आणि मसाला. त्यांचे जुने प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. आंबट एक भाग, गोड दोन, मद्य तीन आणि पाणी चार, मसाला चिमूटभर. सुटीच्या दुपारी चौघांसाठी हे पेय घरी करावयाचे झाल्यास 50 मिलिलिटरची लहान वाटी माप म्हणून घ्यावी.

दोन ताज्या लिंबांची साल वरवर किसावी. आतील पांढरा भाग येऊ देऊ नये, त्याने कडवटपणा येतो. हा कीस दोन वाट्या साखरेत बोटांनी चोळून अर्धा तास झाकून ठेवावा. सालीतील सुगंधी तेल साखर शोषून घेते, आणि पेयाचा खरा गंध येथेच तयार होतो. त्यावर चार वाट्या गरम, दूध न घातलेला, फिका चहा ओतून साखर विरघळवावी. पाण्याऐवजी चहा घेण्याची रीतही जुनीच आहे. मिश्रण गाळून निववावे, मग एक वाटी लिंबाचा रस व तीन वाट्या फेणी घालावी. गोव्यात काजूची व माडाची अशी दोन्ही प्रकारची फेणी मिळते. दोहोंपैकी कोणतीही चालेल. शेवटी जायफळ किसून घालावे आणि बर्फावर ओतून द्यावे. साखर जास्त वाटल्यास पुढील खेपेस कमी करावी.

येथे एक हिशेब विसरू नये. फेणीत मद्यार्क सुमारे 42 टक्के असतो. वरील प्रमाणाने तयार पेयात तो 14 टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणजे साधारण द्राक्षमद्याइतका. परंतु साखर आणि लिंबू त्याची धार जिभेला कळू देत नाहीत. सरबत समजून प्यालेला तिसरा पेला उन्हाच्या वेळी माणसाला आडवा करतो. फ्रायरनेही या पेयास शक्तिपात करणारे म्हटले होते, आणि ते एका वैद्याचे मत होते. म्हणून जेवून बसावे, एका पेल्यावर थांबावे, सोबत साधे पाणी प्यावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. पाण्याचे चार भाग हा कंजूषपणा नव्हे. पेयाचे शहाणपण त्यातच आहे.

बडोद्यासारख्या शहरी, जेथे दारूबंदीचा कायदा आहे, किंवा ज्या घरी मद्य वर्ज्य आहे तेथे मद्याचे तीन भाग वगळून तेवढे थंड पाणी घालावे. लिंबाच्या सालीची साखर, चहा आणि जायफळ यांनी ते पेय तरीही आपला मान राखते. पाचांपैकी एक गेला तरी चौघांची बैठक मोडत नाही. ती मोडते ती एकाने आपला वाटा सोडून इतरांचा घेतला म्हणजे.